अहवालात 'काही आढळले नाही' लिहिण्याआधी

अहवाल अकरा पानांचा होता. आईने तो प्लॅस्टिकच्या फाइलमधून काढला, पहिल्या पानावरच्या एका ठळक ओळीखाली बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. ओळ अशी होती: 'लक्षणांशी संबंधित कोणताही जनुकीय बदल आढळला नाही.' मुलगा सहा वर्षांचा. उशिरा चालायला लागला, अजून बोलत नाही, फिट्स येतात. एमआरआय झाला होता, रक्ताच्या तपासण्यांचा तर हिशेबच उरला नव्हता, आणि शेवटची आशा म्हणून ही जनुकीय तपासणी. "मॅडम, म्हणजे जनुकांत काही नाही ना?" तिने विचारले. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात पुढचे तीच बोलून गेली. "मग माझंच काहीतरी चुकलं असणार. पाचव्या महिन्यात मला ताप आला होता."

जनुकीय समुपदेशन हे माझे काम. असे अहवाल मी रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगते, आणि त्यातले हे एक वाक्य मला सगळ्यांत जास्त छळते. ते खोटे नाही. जे वाचले त्यात खरोखरच काही आढळले नव्हते. पण वाचले काय, हे दहाव्या पानावर बारीक अक्षरांत होते: 'ही तपासणी प्रथिनांचे संकेत असलेल्या भागापुरती मर्यादित आहे.' या भागाला एक्झोम म्हणतात. आपल्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत आणि एक्झोम त्यातला जेमतेम एक ते दोन टक्के. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातले प्रत्येक शीत सारखेच शिजलेले असते. डीएनएचे तसे नाही. एका भागात सारे ठीक आहे, यावरून दुसऱ्या भागाबद्दल काहीच कळत नाही.

एक्झोम निवडण्यामागे कारण आहे, ते मान्य करायला हवे. आजवर ठाऊक असलेले रोगकारक बदल बहुतांशी तिथलेच आहेत. पण ते तिथले असण्याचे एक कारण असेही आहे की आपण मुख्यतः तिथेच शोधले. म्हणून माझे म्हणणे असे: 'आढळले नाही' हे वाक्य 'कुठे शोधले आणि कुठे शोधले नाही' याशिवाय छापण्याची मुभा कोणत्याही प्रयोगशाळेला नसावी, आणि तेही त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत. शिवाय एकदा वाचलेला डीएनए ज्ञान वाढेल तसा पुन्हा वाचून मिळणे, हा रुग्णाचा हक्क मानला जावा. ही मागणी केवळ कागदोपत्री नीटनेटकेपणाची नाही. पेशी कशी चालते याबद्दल गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे कळले आहे, त्यातूनच ती येते.

शाळेत आपण सगळेच शिकलो: डीएनएवरून आरएनएची प्रत निघते, त्या प्रतीवरून प्रथिन बनते आणि प्रथिन काम करते. हे चूक नाही, पण अर्धेच आहे. या चित्रात आरएनए म्हणजे नुसता निरोप्या. निरोप पोचवला की त्याचे काम संपले. प्रथिनाचा संकेत ज्यात नाही, त्या डीएनएला १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांच्या लेखनातून 'जंक' हे नाव चिकटले आणि ते पुढे कैक वर्षे सुटले नाही. मग मानवी जीनोम, म्हणजे माणसाचा संपूर्ण डीएनए, वाचून झाला आणि प्रथिने बनवणारी जनुके निघाली सुमारे वीस हजार. एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीतही जवळपास तेवढीच आहेत. म्हणजे माणूस आणि कृमी यांच्यातले अंतर प्रथिनांच्या संख्येने ठरत नाही. कोणते प्रथिन कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती बनायचे, यावर बरेच काही अवलंबून असते. तुमच्या हृदयाच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच आहे. एक पेशी आयुष्यभर आकुंचन पावत राहते आणि दुसरी विजेचे संदेश पाठवत राहते, ते या नियमनामुळे.

नियमनाची पहिली स्पष्ट कल्पना १९६१ मध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी मांडली. जिवाणूत काही जनुके दाबून ठेवणारा एक पदार्थ असतो आणि गरज पडली की तो बाजूला होतो, हे त्यांनी प्रयोगातून ताडले. तो पदार्थ आरएनए असावा, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी तो वेगळा काढून दाखवला आणि ते निघाले प्रथिन. तेव्हापासून नियमन म्हणजे नियामक प्रथिने, असे समीकरण रूढ झाले. आरएनएवर केलेला तो अंदाज त्या जिवाणूपुरता चुकला होता, एवढेच. कल्पना म्हणून तो चुकीचा नव्हता, हे कळायला मात्र १९९३ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी सी. एलेगन्स या त्याच कृमीवरचे काम प्रसिद्ध केले. लिन-४ नावाचे जनुक बिघडले की अळी वयाने वाढते, पण पहिल्याच अवस्थेचे टप्पे पुन्हा पुन्हा गिरवत राहते. अँब्रोस यांच्याकडची मंडळी त्या जनुकाचे प्रथिन शोधत होती. डीएनएचा तुकडा लहान लहान करत नेला, तरी प्रथिन सापडेना. अखेर हाती लागला फक्त बावीस अक्षरांचा आरएनए. इतक्या छोट्या तुकड्याचे काम काय असेल? दोन्ही प्रयोगशाळांनी आपापल्या जनुकांची अक्षरे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा लिन-४ ची अक्षरे लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या आरएनएच्या शेपटाशी जुळत होती. लहान आरएनए मोठ्या आरएनएला जाऊन चिकटतो आणि त्याच्यापासून प्रथिन बनणे थांबते. पुढची सात वर्षे बहुतेकांनी याकडे एका कृमीची लहर म्हणून पाहिले. २००० मध्ये रव्हकुन यांच्या गटाला लेट-७ हा दुसरा असाच आरएनए सापडला, आणि तो तर माणसासकट असंख्य प्राण्यांत जसाच्या तसा निघाला. अँब्रोस आणि रव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. आज माणसात असे शेकडो छोटे आरएनए, म्हणजेच मायक्रोआरएनए, ज्ञात आहेत.

इथे एक गोष्ट जवळून पाहू. मायक्रोआरएनए एकटा काम करत नाही. अर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या खाचेत तो बसतो आणि आपल्या सुरुवातीची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरे बाहेरच्या बाजूला उघडी ठेवतो. या सात अक्षरांनी तो लक्ष्य ओळखतो. अर्गोनॉट त्याला धरून ठेवतो आणि पुढची यंत्रणा बोलावतो. आरएनए पत्ता सांगतो आणि प्रथिन काम उरकते. म्हणून 'प्रथिन महत्त्वाचे की आरएनए' हा वाद मला निरर्थक वाटतो. आता या सातांतले एक अक्षर बदलले तर? मीर-९६ हा मायक्रोआरएनए आतल्या कानाच्या संवेदनपेशींत असतो. त्याच्या नेमक्या याच पट्ट्यातल्या एका अक्षराच्या बदलामुळे काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या श्रवणशक्ती कमी होत जाते, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. कुठलेही प्रथिन सदोष नाही, तरी माणसाला ऐकू येईनासे होते.

कर्करोगाचीही तीच कथा. एका प्रकारच्या दीर्घकालीन रक्तकर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या तेराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात कर्करोगाला आवर घालणारे प्रथिन-जनुक असणार, या खात्रीने कित्येक वर्षे शोध चालला. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवले की तिथे दोन मायक्रोआरएनए आहेत आणि गळतात ते तेच. वर्षानुवर्षांची मेहनत ज्यावर अडली होती, तो एक गृहीत धरलेला शब्द होता: जनुक म्हणजे प्रथिन.

पण माझ्या मुद्द्याचा सगळ्यांत ठोस पुरावा २०२४ चा आहे. तो मी थोडा विस्ताराने सांगते, कारण त्या आईच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. जनुकाची पहिली आरएनए प्रत कच्ची असते. तिच्यातले प्रथिनासाठी न लागणारे पट्टे कापून उरलेले तुकडे अचूक सांधावे लागतात. याला स्प्लायसिंग म्हणतात. हे काम करणारे यंत्र पाच छोटे आरएनए आणि शंभराहून जास्त प्रथिने मिळून बनते. त्या पाचांतला एक म्हणजे यू-४. तो यू-६ या आपल्या जोडीदाराला घट्ट धरून ठेवतो आणि कापण्याची वेळ आली की मगच सोडतो. हा यू-४ बनवणारे, मेंदूत सर्वांत सक्रिय असलेले जनुक म्हणजे आरएनयू४-२. त्याची लांबी फक्त १४१ अक्षरे. त्यापासून प्रथिन बनतच नाही, त्यामुळे एक्झोम तपासणीच्या यादीत ते नव्हतेच.

ब्रिटनच्या एक लाख जीनोम प्रकल्पात रुग्णांचा संपूर्ण डीएनए वाचला गेला होता. निकोला व्हिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात शोध घेतला, तेव्हा बौद्धिक वाढ खुंटलेल्या, फिट्स येणाऱ्या, बोलू न शकणाऱ्या कितीतरी मुलांत या जनुकाच्या अठरा अक्षरांच्या एकाच लहानशा पट्ट्यात बदल सापडले. बहुतेकांमध्ये तर तो बदल एकच होता: एक अक्षर जास्तीचे घुसलेले. पहिल्याच शोधनिबंधात असे ११५ जण होते. मेंदूच्या वाढीच्या विकारांपैकी सुमारे ०.४ टक्के या एका जनुकामुळे होतात, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे साधारण अडीचशेत एक. आकडा लहान वाटेल, पण हे विकार हजाराच्या वर जनुकांत विखुरलेले असताना एकाच जनुकाचा वाटा एवढा असणे फार मोठी गोष्ट आहे. यातल्या अनेकांना त्याआधी 'काही आढळले नाही' असेच उत्तर मिळाले होते. आणि हा बदल सहसा आईवडिलांच्या रक्तात नसतो. तो मुलात नव्याने घडलेला असतो. त्यात तापाचा दोष नाही, कुणाच्या वागण्याचाही नाही.

हे कळण्याने मुलगा उद्या बोलू लागणार नाही, हे मला माहीत आहे. मग फरक काय पडतो, असे विचारणारे लोक मला भेटतात. फरक पडतो. पुढच्या अपत्याचा विचार करणाऱ्या जोडप्याला हीच माहिती हवी असते. बदल नव्याने घडलेला असेल तर तो पुन्हा होण्याची शक्यता अगदी कमी. आईवडील दोघेही वाहक असतील तर दर गर्भारपणी चारात एक. या दोन उत्तरांवर घरातले निर्णय पूर्ण बदलतात. पुन्हा पुन्हा होणाऱ्या तपासण्या थांबतात. त्याच आजाराच्या इतर कुटुंबांशी गाठ पडते. आणि आईच्या मनावरचा एक दगड उतरतो. माझ्या लेखी हे शेवटचे कारण एकटेही पुरेसे आहे.

उपचारांचे म्हणाल, तर त्यांचीही वाट याच न वाचलेल्या पानांतून जाऊ लागली आहे. पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी मरत जाण्याचा एक आजार आहे, स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. त्यात एसएमएन-१ हे जनुक नसते किंवा बिघडलेले असते. एसएमएन-२ हे त्याचे जवळजवळ जुळे भावंड शरीरात असते, पण एका अक्षराच्या फरकामुळे त्याच्या प्रतीतला सातवा तुकडा सांधताना बहुधा गळतो. त्याच्या शेजारच्या असांकेतिक, म्हणजे प्रथिनाचा संकेत नसलेल्या, पट्ट्यावर एक नियामक प्रथिन येऊन बसते आणि तो तुकडा गाळायला लावते. एड्रियन क्रेनर यांच्या प्रयोगशाळेने या जागेवर काम केले. तिथे अगोदरच जाऊन बसेल असा अठरा अक्षरांचा रेणू तयार झाला: नुसिनर्सेन. नियामक प्रथिनाला बसायला जागाच उरत नाही, तुकडा सांधला जातो आणि चेतापेशीला हवे ते प्रथिन मिळते. २०१६ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली, आणि जी बाळे एरवी कधी बसू शकली नसती त्यांतली कित्येक आज बसतात, काही चालतात.

सिकलसेलचे उदाहरणही असेच. जन्मानंतर बाळाचे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बनणे जवळजवळ थांबते, ते मुख्यतः बीसीएल११ए या नियामक प्रथिनामुळे. ते हटवले तर गर्भावस्थेतले निरोगी हिमोग्लोबिन परत सुरू होईल. पण हे प्रथिन मेंदूला आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही लागते; जनुकच कापून टाकणे धोक्याचे. उपाय सापडला तो असांकेतिक भागात. फक्त रक्ताच्या लाल पेशी घडताना या जनुकाचे काम वाढवणारे एक बटण तिथे आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या क्रिस्पर (डीएनए ठरावीक जागी कापण्याचे तंत्र) उपचारात रुग्णाच्या मूळपेशी शरीराबाहेर काढून तेवढेच बटण कापतात. प्रथिनाचा संकेत जसाच्या तसा राहतो. ज्याला कचरा म्हटले जात होते, तिथेच सर्वांत नेमका घाव घालता आला.

यावर प्रयोगशाळेतले माझे सहकारी जो आक्षेप घेतात, तो मी गंभीरपणे घेते. ते म्हणतात, सगळे वाचायला गेलात तर गोंधळ उडेल. प्रत्येक माणसाच्या डीएनएत संदर्भ प्रतीपेक्षा वेगळी अशी चाळीस-पन्नास लाख ठिकाणे असतात आणि त्यातली बहुतेक निरुपद्रवी. 'अर्थ अनिश्चित' असे शेकडो बदल छापून घरी पाठवले, तर लोक रात्र-रात्र जागतील. हे खरे आहे. त्याच्या उलट टोकाचा अतिरेकही मी पाहिला आहे. २०१२ मध्ये जीनोममधले कार्यरत भाग शोधणाऱ्या एनकोड प्रकल्पाने जीनोमच्या ८० टक्के भागाला काही ना काही जैवरासायनिक कार्य असल्याचे जाहीर केले आणि 'जंक डीएनए संपला' असे मथळे झळकले. तो दावा मला आजही पटत नाही. एखाद्या भागाची आरएनए प्रत निघते म्हणून तिचा पेशीला उपयोग असतोच असे नाही. कांद्याचा जीनोम माणसाच्या सुमारे पाचपट आहे, आणि त्यातले प्रत्येक अक्षर कामाचे असेल असे मानणे अवघड आहे. कचरा आहेच. फक्त कुठला भाग कचरा आणि कुठला नाही, हे आधीच ठरवून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बाजारही या अज्ञातावर डोळा ठेवून आहे. रक्तातले मायक्रोआरएनए मोजून भविष्यातले आजार सांगण्याच्या, आहाराने जनुके 'चालू-बंद' करण्याच्या जाहिराती येतात. अशा वेळी मी एमआरएक्स-३४ ची आठवण देते. कर्करोग्यांना मायक्रोआरएनएची नक्कल टोचण्याची ही पहिली चाचणी होती आणि प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये ती थांबवावी लागली. एकच मायक्रोआरएनए शेकडो लक्ष्यांवर हात ठेवून असतो. एक धागा ओढला की कुठे काय उसवेल, हे सांगता येत नाही. पेशीच्या नियमनाशी खेळ करण्याआधी फार सबुरी लागते.

म्हणून मी 'सगळे वाचा आणि सगळे छापा' असे म्हणत नाही. एक प्रामाणिक वाक्य लिहायला काहीच खर्च येत नाही: 'प्रथिनांचे संकेत असलेला भाग वाचला, त्यात कारण सापडले नाही, उरलेला भाग वाचलेला नाही, त्यामुळे आजार जनुकीय नाही असा याचा अर्थ होत नाही.' एवढे वाक्य पहिल्या पानावर असते, तर त्या बाईने पाचव्या महिन्यातला ताप आठवला नसता. आणि पुन्हा वाचण्यासाठी दर वेळी संपूर्ण जीनोमच लागतो असेही नाही. आरएनयू४-२ अवघ्या १४१ अक्षरांचे आहे, ते वेगळे तपासता येते. संपूर्ण जीनोम ज्यांचा आधीच वाचून साठवलेला आहे, त्यांच्यासाठी तर नवी सुईसुद्धा टोचायला नको. साठवलेली माहिती नव्या यादीशी पडताळायची, बस. अडते ते तंत्रावर नाही, जबाबदारी कुणाची यावर. प्रयोगशाळा म्हणते, अहवाल दिला, आमचे काम झाले. डॉक्टरांना वाटते, नवे काही निघाले तर प्रयोगशाळा कळवेल. दोघांच्या मध्ये कुटुंब वर्षानुवर्षे जुनी फाइल जपून ठेवते. ही जबाबदारी नियमाने ठरवली पाहिजे: किती वर्षांनी, कुणी, कुणाला कळवायचे, हे अहवालावरच छापलेले हवे.

त्या दिवशी मी अहवालाच्या पहिल्याच पानावर, ठळक ओळीच्या खाली, पेनाने लिहून दिले: काय वाचले, काय वाचलेले नाही, आरएनयू४-२ ची तपासणी करून घ्यावी, आणि दोन वर्षांनी पुन्हा पडताळणी. "ताई, तापाचा आणि याचा काही संबंध नाही," हेही सांगितले, दोनदा सांगितले. वडील इतका वेळ गप्प होते. त्यांनी कागदाचा फोटो काढला, तारीख मोठ्याने वाचली आणि विचारले, "दोन वर्षांनी फोन आम्ही करायचा, की तुमच्याकडून येईल?" मी तपासणीचा अर्ज काढून पुढून-मागून पाहिला. त्यावर हे कुठेच लिहिलेले नव्हते. मग माझ्या स्वतःच्या डायरीत ती तारीख लिहिली आणि खाली त्यांचा नंबर लिहून घेतला.